तुमची पत्रं तुमच्याकडे नाहीत

प्रश्न : १९७९ साली मी नववीत होते. इंग्रजीच्या बाईंनी फिनलंडमधल्या एका संस्थेचे फॉर्म वर्गात वाटले आणि मला डेन्मार्कमधल्या ओडेन्सेची एक मैत्रीण मिळाली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना लिहितोय. पुढे मी कथा लिहू लागले, दोन संग्रह निघाले. पण माझं खरं लेखन तिला लिहिलेल्या पत्रांतच झालं, असं मला वाटतं. आम्ही कधी भेटलेलो नाही. १९९१ मध्ये तिने ‘आय विल इव्हेंच्युअली कम टू इंडिया’ असं लिहिलं होतं. ती आली नाही, आणि ते मला थोडं लागून राहिलंय. तिची २१२ पत्रं ट्रंकेत आहेत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, डांबरगोळ्या घालून. काही एअरोग्राम, म्हणजे पाकिटाशिवाय नुसती दुमडून पाठवायची ती हवाई पत्रं, घडीवर फाटायला लागलेत. गेल्या डिसेंबरात तिने कळवलं की त्यांच्याकडे पोस्टाने पत्रं बंद झाली, कोपऱ्यावरची लाल पेटी काढून नेली, आता मेल करू या. एकमेकींची पत्रं परत करू या, असंही तिने सुचवलंय. मला या पत्रांचं मराठीत पुस्तक करायचंय. पत्रं परत करावीत का? आणि कागदावरचं लिहिणं चालू ठेवता येईल का?
— एक वाचक, वाई

ताई,

तुमच्या ट्रंकेत २१२ पत्रं आहेत आणि त्यांतलं एकही तुमचं नाही. ज्याला तुम्ही ‘माझं खरं लेखन’ म्हणता ते सगळं ओडेन्सेला आहे, तिने ठेवलं असेल तर. एअरोग्राम लिहिताना नक्कल कोण ठेवत होतं? म्हणून परत करण्याची गोष्ट तिच्याकडून निघाली, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. तिनेही जपून ठेवलीत, एवढा त्याचा अर्थ. मात्र अदलाबदल मूळ कागदांची करू नका, प्रतींची करा.

एक तर हे टपालाने पाठवण्याजोगं सामान नाही. पत्रामागे सरासरी १० ग्रॅम धरलं तरी २१२ पत्रं दोन किलोंच्या वर जातात, आणि परदेशी टपालात पत्राची वजनमर्यादा २ किलो आहे. म्हणजे किमान दोन पाकिटं. त्यातलं एक हरवलं तर भरपाईच्या पैशात एक ओळही परत येणार नाही. दुसरं म्हणजे मिळालेल्या पत्रावर मिळवणाऱ्याच्याही खुणा असतात. कोपऱ्यात ‘उत्तर दिलं’ अशी तारीख, अडलेल्या शब्दावर पेन्सिलीने लिहिलेला अर्थ, पाकिटाच्या पाठीवर वाण्याची यादी. त्या यादीचा ओडेन्सेत कुणाला काही उपयोग नाही. पुस्तक करताना तुम्हाला मात्र ती लागेल.

तेव्हा तिला सरळ लिहा : मूळ पत्रं आहेत तिथेच राहू देत, मी तुझ्या पत्रांचे स्कॅन पाठवते, तू माझ्या पत्रांचे पाठव. पद्धत दोघींची एकच असली तर पुढे तारखेनुसार पत्राला पत्र जुळवता येईल.

स्कॅन करण्याआधी क्रम लावून घ्या. विषयवार गठ्ठे करायचा मोह होतो. तो टाळा, फक्त तारखेने लावा. तारीख नसेल तर पाकिटावरचा शिक्का पाहा. पाकीट फेकायचं नाही आणि तिकीट सोडवायचं नाही ते यासाठीच. हौशी भाच्यासाठी पाण्यात भिजवून काढलेल्या तिकिटाबरोबर शिक्क्याचा अर्धा भाग जातो आणि पत्र कायमचं बिनतारखेचं होतं. शिक्काही पुसट असेल तर मजकुरात ‘वीक’ शोधा. डॅनिश माणसं महिन्याऐवजी आठवड्याच्या क्रमांकाने सर्रास बोलतात, ‘आम्ही आठवडा २९ मध्ये सुट्टीवर जाणार’ असं. ४ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो पहिला, आणि आठवडा सोमवारी सुरू होतो. आठवडा ४२ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. त्यांच्या शाळांना तेव्हा शरदाची सुट्टी असते. एवढ्यावर बरीच बिनतारखेची पत्रं जागेवर बसतील. क्रमांक मऊ २बी पेन्सिलीने, पाठीमागच्या खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. पेन नको, चिकटपट्टीचं लेबल तर अजिबात नको.

आता स्कॅन. ३०० डीपीआय, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके, पुरतं. पेन्सिलीचं किंवा फार फिकट झालेलं अक्षर असेल तिथे ६००. मजकूर काळ्या शाईत असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण कृष्णधवल सेटिंगवर यंत्र फिकट शाईला कागद समजून पुसून टाकतं. एअरोग्रामचा कागद पातळ असल्याने मागची अक्षरं पुढे दिसतात आणि स्कॅनमध्ये दोन्ही ओळी एकमेकींत मिसळतात. त्यावर उपाय साधा आहे : पानाच्या पाठीमागे मऊ काळा कार्डपेपर ठेवा. पांढऱ्या झाकणावरून परत येणारा उजेडच मागची अक्षरं दाखवत असतो. काळा कागद तो गिळतो आणि समोरची शाई तेवढी उरते.

एअरोग्रामची दुसरी गंमत त्याच्या पट्ट्यांत आहे. आत काही घालायला मनाई, त्यामुळे जागा संपली की माणसं दुमडायच्या पट्टीवर, कडेने उभी, पत्त्याच्या बाजूच्या रिकाम्या चौकोनातही लिहायची. महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते, कारण ती शेवटी आठवलेली असते. घाईत फाडताना तुटलेली पट्टी त्याच ट्रंकेच्या तळाशी सापडते का बघा. प्रत्येक एअरोग्रामच्या दोन्ही बाजू पूर्ण उलगडून स्कॅन करा, पत्त्यासकट. घडी ताठ असेल तर जोर लावू नका. दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून वर एखादं पुस्तक दोन दिवस राहू द्या.

पत्रामागे तीन प्रतिमा धरल्या तर ६४० च्या आसपास होतात. सपाट काचेच्या स्कॅनरवर रोज २० पत्रं म्हणजे ११ दिवसांचं काम. A४ पान ३०० डीपीआयला, कॉम्प्रेस न करता साठवलं तर सुमारे २६ एमबीचं होतं. सगळी मिळून १७ जीबीच्या घरात. मोबाइलवरही चालेल, पण खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून आणि फोन पानाला समांतर धरून. तिरक्या फोटोत कडेच्या ओळी वेड्यावाकड्या होतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग लिहिणारीचं आद्याक्षर. म्हणजे तुमची आणि तिची पत्रं एका फोल्डरमध्ये टाकली की आपोआप प्रश्नोत्तरासारखी लागतात. प्रती दोन ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरी. एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नका.

ट्रंकेबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. डांबरगोळ्या आजच काढा. त्यांची वाफ प्लॅस्टिक मऊ करते, कागदाला वास धरतो, आणि ट्रंक उघडून तासन्‌तास बसणाऱ्या तुमच्या छातीलाही ती बरी नाही. पिशव्याही काढा, पावसाळ्यात आत गेलेली ओल बाहेर पडत नाही आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. टाचण्या, स्टेपल, यू-पिना नखाने ओढू नका. पानाखाली जाड कागद सरकवून पिनेचे पाय आधी सरळ करा, मग उचला. नाहीतर गंजाबरोबर कागदाचा तुकडा निघतो. रबर बँड वितळून चिकटला असेल तर तो वाळून कडक झालेला भागच सोलून काढा, ओला चिकट भाग ओरबाडू नका. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावायचा हात आवरा. काही वर्षांत फिल्म सुटते, पिवळा चिकट डाग मागे उरतो आणि तो शाई ओढतो. फाटकं पत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात नुसतं ठेवलं तरी पुरे. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं नकोत. लॅमिनेशन तर नकोच नको.

बाकी मांडणी आपल्याकडे पोथ्या ठेवायची पद्धत होती तशीच. मांजरपाट आणा, पण खळ पूर्ण जाईपर्यंत दोनतीनदा गरम पाण्यात धुवा, कारण कसर त्या खळीवरच येते. तळाशी वर्तमानपत्र अंथरलं असेल तर फेका. त्याचं आम्ल शेजारच्या कागदाला पिवळं करतं. आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये १०–१५ पत्रं, उलगडलेली, सैल. बांधायला सुती नाडी. ट्रंक भिंतीपासून चार बोटं दूर आणि विटांवर, म्हणजे वाळवी चढताना दिसेल. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर कडकडीत वाळलेला, कापडी पुरचुंडीत. ओलसर पाल्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त. पत्रांत कसर जिवंत दिसली तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. हे सगळं संक्रांत ते होळी या दिवसांत उरका. कृष्णाकाठच्या पावसात ट्रंक उघडली तर ओल तुम्हीच आत घ्याल.

आता पुस्तक. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकूर लिहिणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या ट्रंकेतले कागद तुमचे असले तरी त्यांतली वाक्यं तिची आहेत, आणि ओडेन्सेला असलेली तुमची वाक्यं आजही तुमचीच आहेत. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, युरोपीय संघात ७०. भाषांतर हासुद्धा मूळ लेखकाचाच हक्क, त्यामुळे ‘मी मराठीत करतेय, इंग्रजी छापत नाही’ हा बचाव चालत नाही. तिची परवानगी लागेलच. ती आत्ता घ्या. पुढे वारसांकडे जावं लागलं तर ज्यांना मराठी म्हणजे काय हेही ठाऊक नाही अशा दोनचार जणांच्या सह्या गोळा करत बसाल.

परवानगी लेखी हवी. मेलवरचं ‘हो, कर की’ पुरेसं धरू नका. एका कागदावर साध्या इंग्रजीत लिहून दोन प्रती करा, दोघींनी सही आणि तारीख घाला. त्यात काय द्यायचं ते नेमकं लिहा : कोणत्या वर्षांची पत्रं, मराठी भाषांतर, निवड आणि काटछाट करण्याची मुभा, छापील व डिजिटल दोन्ही, फोटो आणि हस्ताक्षराचे नमुने छापायचे का, मोबदला असल्यास किती. तीन गोष्टी लोक विसरतात. भारतीय कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलं नसेल तर एका वर्षात हक्क न वापरल्यास तो संपतो. पत्रांचं पुस्तक एका वर्षात होत नाही, तेव्हा ‘वर्षभरात वापर झाला नाही तरी परवानगी कायम राहील’ असं वाक्य घालाच. तिच्या पत्रांतल्या तिसऱ्या माणसांचाही विचार करा. तिच्या भावाचं दारूचं किंवा शेजारणीच्या घटस्फोटाचं तिने तुम्हाला विश्वासाने लिहिलं असेल. छापण्याआधी अशी पानं तिला दाखवून तिच्या मताने गाळा.

पोस्टाचं आता. डेन्मार्कची सरकारी टपालसेवा १६२४ सालची. पत्रांची संख्या २००० साली सुमारे १४० कोटी होती, ती २०२४ पर्यंत ११ कोटींवर आली, आणि ही सेवा चालवणाऱ्या पोस्टनोर्ड कंपनीने ३० डिसेंबर २०२५ रोजी तिथलं शेवटचं पत्र वाटलं. लाल पेट्या काढल्या हे खरं. त्यातल्या हजारभर विक्रीला काढल्या तेव्हा काही तासांत संपल्या, त्याही फुकट नाही. पण ‘पत्रं बंद झाली’ हे तिचं म्हणणं तेवढं बरोबर नाही. तिथल्या कायद्यानुसार पत्र पाठवता यायलाच हवं, आणि ते काम आता डाओ नावाची खासगी कंपनी करते. तिला पत्र पाठवायचं तर डाओच्या दुकानात जाऊन द्यावं लागेल किंवा जादा पैसे देऊन घरून न्यायला सांगावं लागेल. टपालखर्च ॲपवर किंवा संकेतस्थळावर भरायचा. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकण्याची सोय गेली, एवढाच फरक. तो लहान नाही, हेही मान्य. सहज टाकता येणारं पत्र आता काम म्हणून करावं लागतं, आणि कामं पुढे ढकलली जातात.

म्हणून वेळापत्रक बदला. दर महिन्याला एक पत्र असा हट्ट सोडा. दोघींनी वाटेल तेव्हा लिहावं, तारीख घालून ठेवावं, आणि तीन महिन्यांतून एकदा सगळी एका पाकिटात पाठवावीत. तिच्या वर्षाला चारच फेऱ्या होतील. आपल्या बाजूला परदेशी पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ८० जीएसएमचं (चौरस मीटरला ८० ग्रॅम) A४ पान ५ ग्रॅम भरतं, म्हणजे तीन पानं आणि पाकीट मिळून काटा २० वर अडतो. ओलसर हवेत पुढेही जातो. ५० जीएसएमचा पातळ कागद घेतला तर पान जेमतेम ३ ग्रॅमचं, चार पानं आरामात बसतात. तिमाही पाकीट वरच्या टप्प्यात जाईल, तेव्हा अंदाजाने तिकीट न लावता काउंटरवर वजन करूनच द्या. डेन्मार्कचं टपाल घेताहेत ना, हेही तिथेच विचारा, आणि पहिलं जाडजूड पाकीट पाठवण्याआधी एका पानाचं चाचणीपत्र जाऊ द्या.

साध्या पत्राचा माग काढता येत नाही. त्यावर जुना उपाय आहे, क्रमांकाचा. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर आपला क्रमांक आणि शेवटच्या मिळालेल्या पत्राचा क्रमांक : ‘माझं ४, तुझं ३ मिळालं.’ मधला आकडा गळला की दोघींनाही लगेच कळतं आणि रुसवा टळतो. पाकीट बंद करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. ४६ वर्षं राहून गेलेली नक्कल निदान आता ठेवा.

मेल आणि व्हॉट्सॲपचं काय? वापरा, पण पोच देण्यापुरतं. ‘पाकीट मिळालं, ३ ते ६.’ बस्स. मजकुराची चर्चा फोनवर सुरू झाली की पत्रात लिहायला उरत नाही. कागदी मैत्र्या पोस्टापेक्षा याच कारणाने जास्त आटतात. तब्येतीची किंवा घर बदलल्याची बातमी मात्र लगेच कळवायची, आणि एकमेकींच्या मुलांचे संपर्कही घेऊन ठेवायचे.

पत्ता लिहिताना : आधी रस्त्याचं नाव, मग घरक्रमांक; पुढच्या ओळीत चार आकडी पिन आणि मग गाव; शेवटच्या ओळीत देश, ठळक इंग्रजीत. ती इमारतीत राहत असेल तर पत्त्यात ‘२. टीव्ही’ असं दिसेल. ते टेलिव्हिजनचं नाही. दुसरा मजला, जिना चढल्यावर डाव्या हाताचं घर. ‘टीएच’ म्हणजे उजव्या हाताचं. अनेक जण ही अक्षरं निरर्थक समजून गाळतात आणि पत्र जिन्यातच अडतं. डॅनिशमधला आडवी रेघ मारलेला ‘ओ’ नुसता ‘ओ’ लिहू नका. टायपिंगमध्ये जमत नसेल तर ‘ओई’ अशी दोन अक्षरं घाला. तुमचा पत्ता मागच्या बाजूला, पिनसकट.

पत्रासोबत काही पाठवण्याची हौस असेल तर बुकमार्क, फोटो, दाबलेली कागदी राखी इथवर ठीक, तेही कागदपत्रांच्या पाकिटात न लपवता, सीमाशुल्काचा फॉर्म भरून. व्यक्तीने व्यक्तीला दिलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीवर युरोपीय संघात आयातकर नाही. कंदी पेढे मात्र नाहीत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून टपालाने आत येऊ देत नाहीत.

राहता राहिलं ते भाषांतर. तिची इंग्रजी गुळगुळीत करू नका आणि तिच्या शब्दांवर इंग्रजी शब्दकोश आंधळेपणाने लावू नका. तिच्या इंग्रजीच्या खाली डॅनिश आहे. ‘मुलगा जिम्नॅशियमला जातो’ असं तिने लिहिलं असेल तर तो व्यायामशाळेत जात नव्हता. त्यांच्याकडे जिम्नॅशियम म्हणजे दहावीनंतरचं शिक्षण देणारी शाळा. ‘थँक्स फॉर लास्ट’ हा अर्धवट वाटणारा वाक्प्रचार मागच्या भेटीबद्दलचे आभार असतो. असे अडलेले शब्द एका वहीत काढा आणि तिलाच विचारा. पुस्तकाच्या टिपा त्यातूनच तयार होतील.

त्या वहीतला पहिला शब्द १९९१ च्या पत्रातला असू द्या. डॅनिशमध्ये ‘एव्हेन्तुएल्त’ म्हणजे ‘कदाचित’, ‘जमलं तर’. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ त्याच्यासारखा दिसतो आणि डॅनिश माणूस हमखास त्याच अर्थाने वापरतो. मी एक दिवस भारतात येणारच, असं तुम्ही वाचलंत. जमलं तर येईन, एवढंच तिने लिहिलं असण्याची शक्यता बरीच आहे. तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते पुढच्या पत्रात विचारा. त्या पत्रावर क्रमांक १ घाला.